चंद्रविलासचं छत

निडीला माझ्या माहेरी भाचीचा साखरपुडा होता. सकाळी फराळाची पहिली पंगत बसली होती, मी पोहे वाढत होते, आणि फोन वाजला. पेणहून आमच्या गणपतीच्या कारखान्यातली सुगंधा बोलत होती. "वयनी, ताई उठत नायत. मी चहा घेऊन गेले तर... तुमी या." पोह्यांचं भांडं कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतलं. भावाने स्टेशनवर आणून सोडलं, रोह्याकडून येणाऱ्या गाडीत बसवलं. मी पोहोचले तेव्हा कारखान्यातली सगळी माणसं हात न धुताच ओटीवर बसून होती. कुणाच्या मनगटाला शाडू, कुणाच्या बोटांना गेरू. आत यमुनावन्सं नेहमीसारख्या उजव्या कुशीवर झोपलेल्या. आदल्या दिवशी नीट जेवल्या होत्या, दोघातिघांना रागे भरल्या होत्या. झोपेतच गेल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. कारखान्यात त्यांचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं. आवाज मोठा, पातळ कडक इस्त्रीचं, बोलणं सरळ तोंडावर. पेणेत त्यांना सगळे गणपतीवाल्या ताई म्हणून ओळखत. पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. जुनी थेटरं! सिनेमाचं वेड पुष्कळांना असतं. वन्संना सिनेमा कोणता लागलाय, त्यात कोण आहे, याच्याशी फारसं घेणंदेणं नसे. त्यांना ती जागा बघायची असे.

मी लग्न होऊन पेणला आले, त्यानंतर त्या माझ्याशी पहिल्यांदा धड बोलल्या त्या याच विषयावर. मी चुलीपुढे भाकऱ्या करत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"निडीची ना गो तू? मग रोह्याला चंद्रविलास बघितलं असशील."

"हो, शाळेतून नेलं होतं एकदा सिनेमाला."

"सिनेमा नाय विचारला. थेटर बघितलंस का?"

थेटर बघायचं म्हणजे काय? अंधार असतो, बाकं असतात, समोर पडदा असतो. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "नाय बघितलंस. रविवारी चल."

रविवारी आम्ही दोघी गाडीने रोह्याला गेलो. खेळाला बराच वेळ होता, पण डोअरकीपर वन्संना ओळखत होता, त्याने बाल्कनीत सोडलं. रिकामं थेटर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माडीवरून खाली उतरत गेलेल्या खुर्च्यांच्या ओळी. पडद्याच्या दोन्ही अंगांना भिंतीतून बाहेर आलेले चुन्याचे खांब, त्यांवर वेली, वेलींत पोपट, एकाची मान एकीकडे तर दुसऱ्याची दुसरीकडे. वर छतावर गोल गोल कमानी, एकीत एक, जणू तळ्यात खडा टाकला आणि पाणी तिथल्या तिथे थिजलं. सगळ्यावर विड्यांच्या धुराची तपकिरी पुटं चढली होती, तरीसुद्धा माझी मान खाली येईना. वन्सं हळू आवाजात सांगत होत्या. हे थेटर अब्राहमशेठ नावाच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू माणसाने बांधलं, स्वातंत्र्याच्या आधी. रोह्यात त्याचं तेलाचं दुकान होतं. मुंबईत त्याने मोठमोठी थेटरं बघितली आणि त्याला वाटलं, आपल्या गावाला असं का नको? नंतर तो बायकामुलं घेऊन इस्रायलला गेला. जाताना थेटर विकून गेला.

"हे पोपट आपल्या पेणच्या माणसांनी केले असतील, नाही?" मी विचारलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

वर बघतच त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात तसं. आपल्या आजोबांचंही नाव घेतात. पण आपल्या घरातला हात नाय हा. आपल्याला एवढं नाय जमत गो..."

माणसांचे दोष धडाधड बोलून दाखवणाऱ्या या बाईला मी तेव्हा पहिल्यांदा कुणापुढे लहान होताना बघितलं. आणि लहान होऊन ती किती आनंदात होती!

त्यानंतर दर वर्षी विसर्जन झालं, कारखाना रिकामा झाला, की वन्सं मला घेऊन बाहेर पडायच्या. लोक तीर्थाला जातात, आम्ही थेटरांना जायचो. मुंबई, कोल्हापूर, सोलापूर, एकदा पार जयपूरपर्यंत. कुठे आत सोडत, कुठे हाकलून देत. मुंबईतल्या एका जुन्या थेटरात दुधासारखा पांढरा जिना होता, वळत वर गेलेला, पितळी कठड्याचा. वन्संनी पहिल्या पायरीशी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. पहारेकरी हसला. "बाई, हे काय देऊळ आहे का?"

"नाय ना. पण आमी धरमतर खाडीच्या चिखलातून आलोय. एवढ्या चांगल्या जिन्यावर कशाला उमटवू तो?"

त्याने मग आम्हाला सगळं थेटर फिरवून दाखवलं. वर टांगलेलं झुंबर पुसण्यासाठी खाली कसं सोडतात, तेही. परतीच्या एसटीत वन्सं खिडकीशी बसल्या. पेण जवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "लता, ज्याने हे पहिल्यांदा डोक्यात आणलं असेल, त्याला त्या दिवशी झोप लागली असेल का गो?"

चंद्रविलास मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत गेलं. आधी दुपारचे खेळ थांबले, मग सगळेच. लोक हातातल्या मोबाईलवर सिनेमा बघायला लागले. पत्रे फुटले, कबुतरं आली. अब्राहमशेठकडून थेटर घेतलेल्या घराण्यातले बाळाशेठ आता मालक होते, वन्संच्याच वयाचे. त्यांनी ते पाडून दुकानं आणि वर फ्लॅट बांधायचं ठरवलं. रोह्यात ही बातमी ऐकली तशा वन्सं मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. भांडण होणार असं धरूनच मी गेले होते.

बाळाशेठ वाईट माणूस नव्हता. थकला होता. "यमुनाताई, पावसाळ्यात आत गुडघाभर पाणी साचतं. छताचा एक तुकडा खाली आला. उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर मी काय करू? माझी पोरं पुण्याला. मी कुणासाठी सांभाळू?"

वन्संनी वाद घातला नाही. मग म्हणाल्या, "पाड. तुझी वास्तू हाय, तुला नाय कोण म्हणणार? पण बाळा, माणूस गेलं की आपण त्याला आंघोळ घालतो. मगच उचलतो. मला एकदा ते स्वच्छ करू दे. मग काय करायचं ते कर."

बाळाशेठ उठून कपाटाशी गेले. त्यांनी चावी काढून दिली.

गणपतीनंतरचे रिकामे दिवस होते. मांडववाल्याने बांबूंची परांची बांधून दिली. कारखान्यातली आम्ही सात-आठ माणसं रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जायला लागलो. आधी नुसती कबुतरांची घाण काढली. मग पोपट उजळले. हिरवे निघाले, चोचीला लाल. खरी धास्ती छताची होती. वन्संनी एका कोपऱ्यात ओलं फडकं फिरवून बघितलं, तर रंगच सुटायला लागला. त्यांनी फडकं टाकून दिलं. मग मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, आणि जिथे काजळी चिकटलीय तिथे मळलेल्या कणकेचा गोळा हलकेच टिपत जायचं, असं सुरू झालं. रोज घरून कणीक मळून न्यायची. गोळा काळा झाला की दुसरा. मान आखडायची, डोळ्यांत कचरा जायचा. वन्सं सत्तरी ओलांडलेल्या, पण परांचीवरून खाली उतरायला तयार नसत.

पहिल्या दोन दिवसांतच सुगंधा वरून ओरडली, "ताई, ह्यो तपकिरी नाय! निळा हाय!"

खरंच निळा. मोरपिसाच्या मधोमध असतो तसा. इतकी वर्षं सगळ्या गावाला ते छत मातकट वाटत होतं, कारण कुणी दुसरं काही बघितलंच नव्हतं. मग एकेक सोनेरी ठिपके निघायला लागले. तारे. कमानींच्या कडांनी, अगदी मध्यापर्यंत. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये नुसता कुंचल्यांचा आवाज. आणि मधोमध, जिथे एक काळा गोल डाग होता, जिथे पूर्वी पंखा असावा असं सगळे धरून चालले होते, तिथे वन्संनी स्वतः हात घातला. सकाळी लागल्या, दुपारी जेवायला उतरल्या नाहीत. त्या पाठीवर उताण्या निजून टिपत होत्या. संध्याकाळच्या सुमारास त्यांचा हात थांबला. मला वाटलं चक्कर आली. मी धडपडत वर चढले. त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर चंद्र होता. पांढऱ्या गिलाव्यात अभ्रक मिसळून घोटलेला, परातीपेक्षा मोठा, पुरा पौर्णिमेचा. बाहेरून येणाऱ्या तिरप्या उन्हात तो चमकत होता आणि वन्संचं सगळं तोंड त्याने उजळलं होतं.

"चंद्रविलास..." त्या म्हणाल्या. "रोज नाव घेत होतो गो आपण."

बाळाशेठना बोलावणं गेलं. ते आले, आम्ही आणलेल्या टेबलफॅनच्या वाऱ्याने धूळ हलत होती तिथे मध्ये उभे राहिले, आणि वर बघून हळूच मोडक्या खुर्चीत बसले. म्हणाले, "माझा जन्म गेला या थेटरात. बापाच्या मांडीवर बसून खेळ बघितले. मी हे कधी बघितलंच नाय, यमुनाताई."

वन्संनी त्यांना पाडणार की ठेवणार हे विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही. दुकानं पुढच्या अंगणात, सायकल स्टँडच्या जागी झाली. थेटराला नवे पत्रे चढले, रोह्यातली माणसं कामाला उभी राहिली. चंद्राच्या कडेला गिलाव्यात लहान लहान भोकं सापडली होती. वायरमनने सांगितलं, इथे दिवे असणार. त्याने ते पुन्हा बसवले. काही तारे पुसट झाले होते, आमच्यातला एकजण सोनेरी रंगाची वाटी घेऊन निघाला, तर वन्संनी त्याला खाली उतरवलं. "ज्याने काढले त्याचा हात हाय तो. आपण धूळ झाडायची. डोळे लिहायचेत ते कारखान्यात लिही."

त्याच हिवाळ्यात इस्रायलहून एक बाई रोह्याला आल्या, आपलं मूळ गाव बघायला. रेबेकाबाई, अब्राहमशेठची नात. केस पांढरेशुभ्र, पायात बूट, आणि तोंडात अशी कोकणी मराठी की आमच्या सुगंधाने वळून बघितलं. त्यांना कुणीतरी थेटराकडे आणलं. वन्संनी काही न सांगता त्यांना मधोमध उभं केलं आणि दिवे लावायला सांगितले. रेबेकाबाईंनी वर बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर नेले.

"आजोबा म्हणायचा, रोह्याला मी चांद ठेवून आलोय. तिथे वाळवंटात बसून सांगायचा आम्हा पोरांना. आम्हाला वाटायचं, म्हातारा बडबडतोय... आम्ही हसायचो हो त्याला."

वन्संनी त्यांचा हात धरला. "हसलात तर काय झालं? आमी तर इथं खाली बसून सिनेमे बघत होतो, आमाला पण कुठे ठाऊक होतं?" मग दोघी म्हाताऱ्या पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या, मान मागे टाकून, लहान मुलींसारख्या.

आता तिथे शाळांची स्नेहसंमेलनं होतात, नाटकं येतात, रविवारी संध्याकाळी सिनेमा असतो. वन्संना जाऊन महिना झाल्यावर मी आणि सुगंधा गेलो. मला जायचं नव्हतं, सुगंधाने ओढून नेलं. हॉल बऱ्यापैकी भरला होता. खाडीकडच्या गावांतून मिठागरावर काम करणाऱ्या बायका आल्या होत्या, पोराबाळांना घेऊन. खेळाची वेळ झाली आणि भिंतींवरचे दिवे मालवले. चंद्र मात्र लागलेलाच राहिला. वन्संनी ऑपरेटरला घालून दिलेला हा दंडक आहे, हे मला ठाऊक होतं: बाकीचे दिवे आधी घालव, चांद थोडा वेळ एकटा राहू दे, मग पडदा. इतके दिवस त्या शेजारी असायच्या, म्हणून माझं लक्ष त्यांच्याकडेच असे. त्या दिवशी मी मागे वळून बघितलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी बाल्कनीपासून खालच्या बाकांपर्यंत सगळी तोंडं वर होती, सगळ्यांवर तो पांढरा उजेड. शेंगा सोलणारे हात थांबले होते. मागच्या ओळीत कडेवरचं एक लहान पोर चंद्राकडे हात करून काहीतरी मागत होतं आणि त्याची आजी त्याला उंच, आणखी उंच धरत होती.

ऑपरेटर पडदा उघडायचा थांबला होता. कुणीही त्याला आवाज दिला नाही.