साठ टक्क्यांचा इशारा

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे एक एसीची खोली, एक सर्व्हर, एक साहेब आणि मी. साहेब आठवड्यातले तीन दिवस मुंबई ऑफिसला असायचे, त्यामुळे बहुतेक वेळा विभाग म्हणजे मीच. आख्ख्या कारखान्यात एसी दोनच जागी होता, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आणि सर्व्हरला. लोक मला भेटायला फार यायचे, विशेषतः एप्रिल-मे महिन्यात.

सर्व्हरची डिस्क आजच्या हिशेबाने हसण्याजोगी होती. आज मुलं फोनमध्ये जेवढे फोटो सहज काढून विसरून जातात, तेवढ्या जागेत आमचा स्टोअर, डिस्पॅच, प्रॉडक्शन आणि लॅब असा सगळा संसार चालायचा. डिस्क नव्वद टक्के भरली की प्रत्येकाच्या स्क्रीनवर खाली एक ओळ यावी, अशी सोय मी केली होती. ओळ आली की काम तिथंच थांबायचं. दोन बटणं एकदम दाबली की ती जायची आणि काम पुढे सुरू. लोकांनी एवढीच गोष्ट मन लावून शिकून घेतली, ती दोन बटणं. ओळीत काय लिहिलंय हे वाचायची गरज कुणाला वाटली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा डिस्क खरोखरच भरली. डिस्पॅचची चलनं निघेनात, गेटवर ट्रकांची रांग लागली, आणि मॅनेजरसाहेबांनी मला सर्वांदेखत विचारलं, "तुम्हाला इथं ठेवलंय कशाला?" इशारा चार दिवस येत होता, हे मी सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. रात्री थांबून मी जुनाट फाईली काढल्या आणि डिस्क निम्म्याच्या आसपास मोकळी केली.

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. त्या आठवड्यात मी तीन गोष्टी केल्या. इशाऱ्याची मर्यादा नव्वदवरून साठावर आणली, पण ओळीत 'जागा संपत आली आहे, सर्व्हर बंद पडेल' असंच ठेवलं. दुसरं, इंग्रजी कुणी वाचत नाही म्हणून ओळ मराठीत लिहिली, अक्षरं इंग्रजी पण भाषा आपली. तिच्या शेवटी जोडलं, 'सर्वांनी थोडी थोडी जागा द्यावी.' तिसरं म्हणजे कोण किती जागा खातं याची यादी काढून कँटीनबाहेरच्या फळ्यावर लावली. सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर.

म्हणजे साठ टक्क्यांना मी लोकांना नव्वदची भीती घालत होते. खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलं नाही. शाळेची बस आठला सुटत असताना आई पोरांना पावणेआठची वेळ सांगते, तसंच हे, असं मी धरून चालले.

यादीत पहिलं नाव लॅबमधल्या एका माणसाचं निघालं.

तो धरमतरच्या खाडीकडच्या गावचा. घरची थोडी भातशेती, वडिलांची मिठागरात हयात गेलेली. वय पस्तीसच्या आसपास, दोन मुली. मी पेणला रामवाडीत राहायचे, कंपनीची बस मला तिथं घ्यायची आणि त्याला वडखळ नाक्यावर. सहा वर्षं तो टेंपररी होता. दर सात-आठ महिन्यांनी त्याला थोड्या दिवसांचा ब्रेक देत आणि परत घेत, म्हणजे सलग नोकरी भरत नसे. त्या ब्रेकमध्ये तो शेतावर जायचा आणि उन्हानं आणखी काळा होऊन परत यायचा.

लॅबमध्ये परमनंटची एक जागा निघाली होती. लॅबच्या प्रमुखांनी त्याला सांगितलं होतं, की परदेशी गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला येतील, त्यांना आपल्या मालाची दोन वर्षांची रीडिंगं कॉम्प्युटरवर आलेखासकट दाखवता आली, तर तुझं नाव मी वर पाठवतो. हे आख्ख्या बसला ठाऊक होतं, कारण त्यानंच सांगितलं होतं. रोजची शिफ्ट संपली की बस सुटेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात तो रजिस्टर उघडून बसायचा आणि दोन बोटांनी आकडे मारायचा. प्रत्येक बॅचची वेगळी फाईल, प्रत्येक फाईलला आलेख. जागा त्यानं खाल्ली ती अशी.

फळ्यावरची यादी वाचून डिस्पॅचवाले त्याला चिडवायला लागले. "नोकरी टेंपररी आणि जागा सगळ्यांत जास्त! बाबा, आम्हाला पण ठेव थोडी." तो हसायचा. मीही हसले होते एकदोनदा.

तपासणीला बारा दिवस उरले असताना एका सकाळी तो माझ्या खोलीत आला. चपला बाहेर काढून आला, नेहमीसारखाच. चेहरा प्रसन्न.

"मॅडम, जागा केली. बगा आता."

"कसली जागा?"

"माजी सगली काडली. पर्ज पन मारला, तुमी भिंतीवर लिवलाय तसा."

मी भिंतीवर काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. काढून टाकलेली फाईल सर्व्हर लगेच फेकत नाही, कोपऱ्यात ठेवून देतो, आणि हवी तर ती परत आणता येते. पर्ज केलं की मात्र गेली ती गेली. लोक फाईली काढायचे पण पर्ज करायचे नाहीत, म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पर्ज केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.' कारखान्यातल्या दीडशे माणसांत ती सूचना पाळणारा हा एकच निघाला.

मी टेपवरच्या बॅकअपची वही उघडली, खरं तर उघडायची गरज नव्हती. टेपही लहानच होती. कुणाकुणाच्या फाईली तीवर घ्यायच्या ही यादी मीच केली होती, आणि तीत फक्त परमनंट माणसं होती.

"सगळी कशाला काढली?" मी ओरडलेच. "थोडी थोडी म्हटलं होतं ना?"

तो गोंधळला. मग मला समजावल्यासारखं सांगायला लागला. "मॅडम, आमच्याकडं खाडीच्या बांधाला खांड गेली, का पयली माती कोनाची? ज्याचा शेत जवल त्याची. तितनं ढेकलं काडायची नि खांडीत घालायची. मालकाला कोन इचारत नाय, नि मालक पन बोलत नाय. नायतर खारा पानी आत येतो नि सगल्यांचीच भातं जातान. फल्यावर माजा नाव पयला. मंग मीच नको?"

"बाकीच्यांनी एक फाईल तरी काढली का?"

"ते त्यांचा त्यांना म्हाईत. बांध फुटताना कोन आला नाय ते मागनं बगायचा." आणि मग म्हणाला, "रजिस्टरात हाय सगला. परत मारीन. बारा दीस हायत."

तो गेल्यावर मी आदल्या दिवसाचा आकडा बघितला. डिस्क बासष्ट टक्के भरलेली होती. बांध धड होता. खांड गेली म्हणून बोंब मीच मारली होती.

ते त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी बसमध्ये ठरवून बसले की नागोठणे आलं की सांगायचं. नागोठणे आलं, गेलं. वडखळला तो उतरला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, उद्या जरा लवकर मशीन देशाल?" बसमध्ये आणि रस्त्यावर तो मला ताई म्हणायचा, कंपनीत मॅडम. मी म्हटलं, देते.

रोज थोडं थोडं करत उभं केलेलं काम एकूण किती असतं, हे करणाऱ्याला कळत नाही. पहिल्या दिवशी त्याची जेमतेम एका आठवड्याची रीडिंगं मारून झाली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या मशीनवर बसले. तो रजिस्टरातले आकडे वाचायचा आणि मी मारायचे, मला दहा बोटं चालायची. जेवणाची सुट्टी आणि शिफ्टनंतरचा वेळ आम्ही रोज तिथंच असायचो. तो माझ्यासाठी घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायचा. कँटीनमध्ये सांगायचा, "मॅडम सोताचा काम टाकून माज्यासाठी बसतान." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मला ते सोसत नव्हतं. एकदा मी त्याच्यावर विनाकारण खेकसले, की आकडे नीट वाचता येत नसतील तर सांगा. तो सावकाश वाचायला लागला.

तपासणीची माणसं आली तेव्हा चोवीसपैकी अकरा महिने झाले होते. लॅबच्या प्रमुखांनी त्यांना रजिस्टरं दाखवली. पाहुण्यांनी पानं चाळली, चहा घेतला, माल पसंत केला. आलेखाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. कोलाडच्या हॉटेलात त्यांना जेवायला नेलं आणि विषय संपला.

पाहुण्यांचा संपला. प्रमुखांचा संपला नव्हता, कारण त्यांनी दोन वर्षांचं दाखवू असं वर लिहून दिलं होतं. त्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, की फाईली कशा गेल्या? सर्व्हरचा दोष आहे का?

खुलासा लिहायला मी कागद घेतला तेव्हा टेबलावर दोन वाक्यं मांडून बघितली. एक होतं, 'इशाऱ्याची मर्यादा मी साठ टक्के ठेवली होती व इशाऱ्यातला मजकूर वस्तुस्थितीला धरून नव्हता.' दुसरं होतं, 'वापरकर्त्याने फाईली स्वतः काढल्या व पर्ज केल्या. सर्व्हरमध्ये दोष आढळला नाही.' दोन्ही खरी होती. मी दुसरं टाईप केलं, सही केली आणि शिपायाच्या हाती पाठवून दिलं.

परमनंटची जागा रोह्याच्याच एका डिप्लोमावाल्याला मिळाली. ह्याच्या कागदावर 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. पुढचा ब्रेक आला, आणि त्या ब्रेकनंतर त्याला परत बोलावणार नाहीत हे त्याला आणि आम्हा सगळ्यांना आधीच कळलं होतं.

शेवटच्या दिवशी तो माझ्याकडे सहीला आला. नोकरी सोडणाऱ्याचा पासवर्ड बंद केल्याचा एक फॉर्म असायचा. चपला बाहेर. सही करून तो उभाच राहिला.

"मॅडम, येक इचारू? त्या टायमाला मी जागा केली नसती, तर सर्वर बसला असता ना?"

तो वाट बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग वगैरे काही नव्हता. त्याला फक्त आपली माती कामाला आली का, एवढंच हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "बसला असता."

"मंग बरा झाला," तो म्हणाला, आणि गेला.

खरं सांगितलं असतं तर बिचाऱ्याचं तेवढंही समाधान गेलं असतं, म्हणून मी हो म्हटलं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तो खरं कळल्यावर सरळ लॅबच्या प्रमुखांकडे गेला असता, आणि मला माझी नोकरी हवी होती.