खोक्यावरची कवटी

व्हर्ना हॉस्किन्सला बंदुकांचं वावडं नव्हतं. अमेरिकेतल्या मिझुरीच्या डोंगराळ भागात जन्मलेल्या बाईला ते परवडतही नाही. वयाच्या अकराव्या वर्षी तिनं बापाच्या रायफलीनं पहिलं हरीण पाडलं होतं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिच्या फ्रीझरमध्ये वर्षभर पुरेल इतकं हरणाचं मांस असायचं. तिला किळस यायची ती काळ्या खोक्यांची.

बेलफोर्क गावात डेल ट्रुइटचं दुकान होतं. तिथं कोंबड्यांचं खाद्य, कुंपणाची तार, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि मागच्या काउंटरवर काडतुसं मिळायची. त्या काउंटरवर व्हर्ना बावीस वर्षं उभी होती. पूर्वी गोळ्या साध्या पुठ्ठ्याच्या पिवळ्या खोक्यात यायच्या. वर कंपनीचं नाव आणि आकडा, संपलं. मग कुणा दीडशहाण्याच्या डोक्यात आलं की गोळीलाही नटवावं. खोकं काळंभोर, त्यावर दात विचकणारी कवटी, आतली गोळी काळी, आणि तिच्या पोकळ तोंडाला सहा चिरा. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावाव्यात तशा हौसेनं ओळीनं मांडलेल्या.

डेलनं त्यावरही कडी केली. दर शनिवारी तो दुकानामागे पाणी भरलेल्या दुधाच्या कॅनवर या गोळ्या झाडायचा. पाण्यात शिरली की गोळीच्या सहाही पाकळ्या उलट्या वळायच्या, वाघनखांसारख्या. त्या वेचून, भोक पाडून तो त्यांची किल्ल्यांची कडी बनवायचा. काळ्या खोक्यावर एक कडी फुकट. दुसरी दुकानं कॅलेंडर देतात, डेल हे द्यायचा.

"डेल, तुला लंगोटात पाहिलंय मी," व्हर्ना म्हणायची, "म्हणून सांगते. हे असलं काहीतरी चर्चला जाणाऱ्या बायकांच्या हातात देऊ नकोस."

"त्याच बायका मागून नेतात," डेल हसायचा. "तू फक्त म्हणायचं, हे खोकं नुसतं दाखवलं तरी चोराची पाचावर धारण बसेल. मग बघ."

आणि व्हर्ना तसं म्हणायची. बावीस वर्षांची सवय, तोंड आपोआप चालायचं. याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

ओपल लेडबेटर वसंतात आली. एकाहत्तर वर्षांची विधवा, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. निम्मं गाव तिच्या बसमध्ये रडलं होतं नि निम्मं ओकलं होतं. गावाबाहेर दोन पांढरी पत्र्याची फिरती घरं शेजारी शेजारी उभी होती, त्यातल्या एकात ती एकटी राहायची. नवऱ्याचं जुनं रिव्हॉल्व्हर घरात होतं, गोळ्या संपल्या होत्या.

"ती आपली साधी पिवळी दे गं," ओपल म्हणाली. "लेस्टर तीच आणायचा."

व्हर्नाच्या डोक्यात खरं कारण होतं. साधी भरीव गोळी पत्र्याच्या पातळ भिंतीतून आरपार जाते आणि शेजारच्याला लागते. पोकळ तोंडाची गोळी अंगातच थांबते, म्हणून तर पोलीसही तीच वापरतात. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मागे डेल उभा होता, आणि व्हर्नानं काळं खोकं पुढे सरकवलं.

"ही घ्या, मिस ओपल. नुसती दाखवली तरी चोराची पाचावर धारण बसेल."

ओपलनं कवटीकडे पाहून नाक मुरडलं. "शी! काय भुतासारखं." तरी तिनं ती घेतली. घरी जाऊन पोस्टातल्या पेटीची नि चर्चच्या सभागृहाची किल्ली तिनं त्या वाघनखाच्या कडीत अडकवली.

नोव्हेंबरात एका रविवारी, तिन्हीसांजेच्या आधी, क्लीट बार्गर झिंगून ओपलच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या आपल्या चुलतभावाकडे निघाला. दोन घरांतलं चुकीचं घर त्यानं निवडलं. भाऊ मुद्दाम दार उघडत नाही असं वाटून तो शिव्या देत दाराला लाथा घालू लागला. दाराची कडी निखळली. ओपलनं जाळीच्या दारातून एकच गोळी झाडली. क्लीट जगला, पण त्याच्या कमरेच्या हाडाचा चुरा झाला. पस्तिशीचा माणूस काठीवर आला.

खटला उभा राहिला. क्लीट अजून दाराबाहेरच होता, हातात काही नव्हतं. म्हातारी भ्यायली होती की तिला माणूस फाडायचाच होता, एवढाच प्रश्न. सरकारी वकिलाला उत्तर आयतं मिळालं होतं. ओपलच्या पर्समधली किल्ल्यांची कडी.

साक्षीच्या आदल्या दिवशी डेलनं व्हर्नाला खाद्याच्या पोत्यांआड गाठलं.

"तू एवढंच म्हण, की तिनं स्वतः मागून नेली."

"तिनं पिवळी मागितली होती."

"कोण होतं ऐकायला? तू नि मी. गिऱ्हाईक मागतं, आपण देतो. उगाच दुकानाला यात ओढू नकोस, व्हर्ना. तुझं वय काय, या वयात तुला दुसरीकडे कोण उभं करणार आहे?"

व्हर्ना पाठ फिरवून चालू लागली. धमकीनं नव्हे. हा पोरगा ओपलच्याच बसमधून शाळेत गेला होता.

कोर्टात सरकारी वकिलानं ती कडी उंच धरली. सहा पाकळ्या दिव्याखाली चमकल्या. ज्युरीतल्या एका बाईनं तोंडावर हात धरला. वकील ती हळूहळू बाराही जणांपुढून फिरवत होता, आणि तिकडे ओपल चर्चच्या निळ्या पोशाखात गोगलगायीसारखी आकसत चालली होती. असली वस्तू पर्समध्ये घेऊन फिरणारी बाई, त्यानं विचारलं, भित्री असते का?

मग त्यानं व्हर्नाला खोकं दाखवलं. "हे आरोपीनं निवडलं?"

शेवटच्या बाकावर डेलनं घसा खाकरला.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "त्यांनी साधी मागितली होती. मी ही गळ्यात मारली."

"का?"

"खपते म्हणून. आणि ती कडी त्यांनी मागितली नव्हती, ती आम्ही फुकट देतो. त्यांना किल्ल्या अडकवायला काहीतरी हवं होतं, बस."

बचावाच्या वकिलानं एकच विचारलं. "तुम्ही विकताना म्हणाला होतात, नुसती दाखवली तरी चोर घाबरेल. चोराला ही दिसते?"

"कशी दिसणार? ती बंदुकीच्या आत असते," व्हर्ना म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "ती कवटी, ते काळं तोंड चोरासाठी नाहीच मुळी. ते विकत घेणाऱ्यासाठी आहे. त्याला वाटावं की आपण कुणीतरी आहोत. आणि आता या बारा जणांना दिसतंय. ज्याला लागली त्या बिचाऱ्यानं ती पाहिलीसुद्धा नाही."

ओपल सुटली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर व्हर्नानं तिचा हात धरला. ओपलनं किल्ल्या आता लोकरीच्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या होत्या. आनंद कुठेच नव्हता.

"तू मला वाचवलंस गं," ओपल म्हणाली. "पण एक तुला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. बस चालवायचे तेव्हा दार उघडण्याआधी आरशात बघायची सवय होती मला. घरीही, दार वाजलं की आधी विचारायचे, कोण आहे? ते खोकं घरात आलं नि मी विचारायचंच सोडलं. त्या दिवशी एकदा विचारलं असतं तर पोरानं नाव सांगितलं असतं. बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर बसायचा तो."

दुसऱ्या दिवशी व्हर्ना आपला कप आणि स्वेटर न्यायला पिशवी घेऊनच दुकानात गेली. काढून टाकणार, हे धरूनच चालली होती. दारात गाड्यांची रांग. आत डेल तिला मिठीच मारायला आला.

"अगं काय साक्ष दिलीस! सकाळपासून सगळे तीच मागतायत, कोर्टातली. अजून वीस पेट्या मागवल्यात मी."

काउंटरवर त्यानं पाटी लावली होती: 'ज्युरीनं पाहिलेली हीच ती.' खाली कड्यांची टोपली. ओपलच्याच चर्चमधल्या दोन बायका त्यात हात घालून जास्त फुललेली कुठली ते निवडत होत्या, बाजारात टोमॅटो निवडावेत तशा. व्हर्नाला वाटलं, आपण खरं बोललो, आणि त्याची यांनी जाहिरात केली.

तरी ती उभी राहिली, कारण रांग मोठी होती आणि हात सवयीचे गुलाम होते. माणसांमागून माणसं येत गेली. मग काउंटरवर एक काठी टेकली.

क्लीट बार्गर. घामानं डबडबलेला, एका पायावर भार देऊन.

"मिस व्हर्ना, एक काळं खोकं."

"क्लीट," ती कशीबशी म्हणाली, "पिवळी घे. नाहीतर काहीच घेऊ नकोस. घरी जा बाळा."

"नको. तीच." त्यानं कमरेवर हात ठेवला. "मला पळता येत नाही आता. कुणीही दार वाजवलं तर काय करू? आणि ही कशी लागते ते गावात फक्त मलाच ठाऊक आहे."

व्हर्नानं कड्यांची टोपली उचलली, पाठीमागच्या कचऱ्याच्या डब्यात उपडी केली आणि ॲप्रन सोडून त्यावर टाकला. डेल ओरडत होता. ती दारापर्यंत पोचली तेव्हा डेलनं स्वतःच काउंटरवर येऊन क्लीटला खोकं दिलं होतं.

"आणि कडी?" क्लीट विचारत होता. "ती फुकट आहे ना?"

डेल वाकून कचऱ्यातून चांगलीशी एक शोधू लागला.