सगळे एकाच पेशंटवर

घरात तिला सगळे ‘खटपटी’ म्हणत. मिक्सर बिघडो नाहीतर दाराची कडी, पक्कड हिच्या हातात. मुलं हाताशी आल्यावर ती वेबसाइट बनवायला शिकली आणि नणंद नर्स असलेल्या दवाखान्याचं नोंदणीचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं.

पेशंट नवा असो वा जुन्याची माहिती बदलायची असो, तिनं फॉर्म एकच ठेवला. “तेच ते दोनदा कशाला लिहायचं?”

पहिल्याच दिवशी दुपारी ती दवाखान्यात डोकावली. नोंदणीच्या खिडकीत बसणारे काका खूश होते. “सेव्ह केलं की फॉर्म समोरच राहतो. जुनं खोडायचं, पुढच्याचं लिहायचं. झकास!”

तिनं यादी उघडली. बाकडी माणसांनी भरलेली, आणि यादीत एकच पेशंट!

मग तिच्या लक्षात आलं. सेव्ह झाल्यावरही फॉर्म पहिल्याच पेशंटचा राहत होता. काका नवं नाव लिहीत होते आणि कॉम्प्युटर ते जुन्याची दुरुस्ती समजून आधीचं पुसत होता. चिठ्ठ्यांवर नंबरही सगळ्यांना तोच. मग कुणाला कुठलं औषध चालत नाही, तेही...

ती धावत इंजेक्शनच्या खोलीत शिरली.

“वन्सं, थांबा!”

नणंदेच्या हातात सुई होती, समोर बाही वर केलेले एक आजोबा.

“अगं, काय झालं?”

“आजोबांना विचारा, कुठलं औषध चालत नाही ते.”

“स्क्रीनवर ‘काही नाही’ लिहिलंय की.”

“सकाळी खिडकीत सांगितलं ना मी!” आजोबा वैतागले आणि त्यांनी औषधाचं नाव घेतलं. सुईत तेच होतं.

वन्संनी सुई खाली ठेवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग ती बाकड्यांपाशी गेली. “चूक माझी आहे, पुन्हा सांगाल का?” म्हणत एकेकाचं कागदावर लिहून घेऊ लागली. “जीव गेला असता म्हाताऱ्याचा!” कुणीतरी ओरडलं. तिनं मान खाली घातली.

संध्याकाळपर्यंत तिनं दोन वेगळी पानं केली. नव्या पेशंटचं पान सेव्ह होताच कोरं होई. दुरुस्तीच्या पानावर आधी जुनं नाव ठळक दिसे आणि ‘हाच पेशंट ना?’ असं विचारलं जाई. दुसऱ्या दिवशी खिडकीत काकांशेजारी स्वतः बसायचं तिनं ठरवलं.

रात्री वन्सं ताट घेऊन आपल्या खोलीत गेल्या. सकाळी चपला घालताना म्हणाल्या, “चल, आज खिडकीत मीही बसते तुझ्याबरोबर.”