पांढऱ्याची मान

मी चित्रं काढतो, आणि माझ्या चित्रांत झाड, माणूस, देव यांतलं काहीच नसतं. नुसते रंग. म्हणून गावात मला कुणी चित्रकार म्हणत नाही. "नुसते फटकारे मारून राहिला," म्हणतात. माझी किंमत फक्त पोळ्याला. कनेरगाव नाक्याजवळच्या शेतावर थोरल्या भावाची बैलजोडी आहे, तिची शिंगं दरवर्षी मीच रंगवतो.

लक्ष द्यायला मी कॉलेजात शिकलोच नाही. शिकलो ते जोडीतल्या पांढऱ्या बैलाच्या शिंगावर. त्याचा कान मागं गेला की ब्रश थांबवायचा, सैल पडला की पुढं न्यायचा. आपलं मन भरकटलं तर ते त्याला आधी कळतं. एक हिसडा, की रेघ मोडली! कोऱ्या कॅनव्हाससमोर अजून मी तसाच उभा राहतो, त्याचा कान सैल पडायची वाट बघत. आणि पांढरा तरी कसला! तेलात कालवलेल्या तांबड्या हिंगुळाचा डबा उघडला की वासानंच ओळखायचा आणि आपणहून मान खाली घालायचा. एवढा भरवसा माझ्यावर घरच्यांनीही कधी ठेवला नाही.

मी राहतो औंढ्याला; यंदा तिथून निघायलाच मला उशीर झाला. पोचलो तर गोठ्यापुढं ही गर्दी. पांढऱ्याच्या दोन्ही कुशींवर निळ्या स्प्रेनं कुण्या पुढाऱ्याचं नाव, खाली 'भावी आमदार'. शिंगांवर सोनेरी स्प्रे. तो उडून डोळ्यात गेलेला, डोळ्यातून धार लागलेली. लोक मोबाईल धरून उभे, "जरा इकडं तोंड कर रे" म्हणत. एवढ्या बघणाऱ्यांत एकानंही बैल पाहिला नव्हता. मला शिसारी आली.

"दादा, हे काय करून ठेवलं?"

"अरे, सजावटीचं बक्षीस हाय. साहेब सोता येऊन राहिले. हौसेला मोल न्हाई."

"मुक्या जनावराच्या अंगावर जाहिरात? लाजा कशा वाटंनात तुमाला?"

"तू काहून तापून राहिला? तू तरी काय करतो? रंगच फासतो ना?"

थू! मी पांढऱ्याचा डोळा पाण्यानं धुतला. वहिनीनं गोडेतेलाची वाटी आणून ठेवली. फडक्यानं एकेक अक्षर पुसत बसलो. निळ्याखालचं कातडं लालबुंद झालं होतं. दादा शिव्या देत शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन मिरवणुकीत गेला. तिकडं डीजे, इकडं माझ्या नाकात तो स्प्रेचा घाण वास.

उन्हं उतरली तेव्हा पांढरा जरा शांत झाला. पुरणपोळीही खाल्ली त्यानं. म्हटलं, सण आहे, शिंगं तरी रीतीनं रंगवू. मी डबा उघडला.

पांढरा मागं सरला. दावं ताणलं, पाठ भिंतीला टेकली, तरी सरतच राहिला. दोन्ही कान मागं.

मी झाकण लावलं, डबा बाहेर नेऊन ठेवला आणि रिकामा हात त्याच्यापुढं धरला. त्यानं हात हुंगला. रंगाचाच वास येत असणार. मान काही त्यानं खाली घातली नाही.