चौथं कडवं

हॉलंडमध्ये, रायस्वाइकला आमच्या गल्लीच्या टोकाला एक डच म्हातारा सायकली दुरुस्त करतो. चाकाची तार बोटाने छेडतो, कान देऊन ऐकतो आणि मगच पान्याला हात लावतो. साखळी कोरडी दिसली की गिऱ्हाइकाला चारचौघांत झापतो. अमेरिकेतलं कंट्री संगीत इकडे नवीन होतं, तेव्हा हा तशी गाणी डचमध्ये लिहून गावोगाव गायचा. रेडिओवर हल्लीचे कंट्रीवाले लागले की पुटपुटत बंद करतो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मीच त्याला गायला बोलावलं. आधी गाण्याची गोष्ट त्याने इंग्रजीत सांगितली: एक खलाशी पायी घरी निघालाय. मग तो गायला लागला. पुढच्या रांगेत श्रीखंडाची चर्चा चालली होती. तिसरं कडवं संपलं तोच आमचे अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन उठले. "जेवण गार होतंय," जाता जाता मला म्हणाले. त्यांनी गिटारसकट त्याच्यावर शाल पांघरली, हातात नारळ ठेवला, फोटो काढून घेतला. माणसाला गप्प बसवायची आपली ही रीत सातासमुद्रापारही सुटत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि त्याचाच संताप अजून जात नाही.

दाराशी त्याने नारळ माझ्या हातात दिला.

"चौथ्या कडव्यात तो घरी पोचतो," तो म्हणाला. "तुम्ही त्याला वाटेतच उभं ठेवलंत."