व्हीटिश

सावळेराम आबांचा रंग तव्याच्या बुडासारखा, आणि त्यांची धाकटी वैजयंती थेट त्यांच्यावर गेलेली. लहानपणी कुणी तिला काळी म्हटलं की आबा तिला खांद्यावर घेऊन ओतूरच्या बाजारात मिरवायचे. "ही माझी पोरगी. सांगाय लागतंय व्हय?" म्हणायचे. त्या एका वाक्यावर पोर वाढली. लोकांनी नाकं मुरडली तर खुशाल मुरडू देत. तिला आबा होते.

सत्त्याण्णव साली तिच्या लग्नाचं निघालं. स्थळांना द्यायची माहिती इंग्रजीत टाइप करून घ्यायची टूम तेव्हा नवीनच होती. बारावी झालेल्या वैजयंतीने बजावलं, "आबा, रंग सावळाच लिवा. मागनं बोलणी नकोत."

"तसंच लिवतो," म्हणत आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नारायणगावचे पाहुणे आले. पोहे संपेपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. मग मुलाच्या आत्याने हातातल्या कागदाकडे आणि मुलीच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. "ह्यात व्हीटिश लिवलंय. म्हंजी गव्हाळ ना?"

वैजयंतीने आबांकडे पाहिलं. आबा सतरंजीचे धागे उपटत होते.

"टोमॅटोच्या वावरात उन्हानं रापलीय," ते म्हणाले. "मूळची उजळ हाय. आमच्या घरात काळं कुणीच न्हाई."

बोलणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसत होतं, तरी कुणी हसलं नाही. वैजयंती आत गेली आणि सुपात गहू घेऊन आली. सूप आत्याबाईंपुढे ठेवून तिने गव्हावर हात पालथा ठेवला. "हा गहू, हा माझा हात. बघून घ्या."

पाहुणे गेल्यावर आबा पुटपुटले, "मीच घालाय लावला त्यो शब्द. गोरी नसली की समदेच त्यो घालत्यात, बाय."

समद्यांचं तिला काही नव्हतं. ज्याच्या रंगाचा तिला तोरा होता, त्यानेच तो चारचौघांत झटकला होता. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढे निरगुडसरच्या ज्ञानेश्वरशी तिचं लग्न झालं. त्याने कागद मागितलाच नव्हता. लेक झाली तेव्हा आबा बघायला आले. पोरीला मांडीवर घेताच त्यांचा चेहरा फुलला. "अगं, ही तर माझ्यावर गेलीय!"

एके काळी एवढ्यावर वैजयंतीचं पोट भरलं असतं. तिने हात पुढे करून लेक परत घेतली.

"आबा, पाव्हणं आल्यावर बी हेच म्हणाल का?"