परवा म्हणजे कोणता?

"मॅडम, तुमच्या नव्या व्हर्जननं आमचं मशीन बंद पाडलं," किनवटच्या एका निवासी शाळेचे अधीक्षक कांबळे सर फोनवर म्हणाले. "परवापासून सुट्ट्या हायत. पालकांना निरोप कसा द्यायचा?"

मी नांदेडला सॉफ्टवेअरचं काम करते. शिवाय लातूरचे नसीरभाई आणि मी मिळून एक ओपन-सोर्स लायब्ररी सांभाळतो. लायब्ररी म्हणजे तयार कोड. कोणीही घ्यावा, आपल्या प्रोग्रॅमला जोडावा. आमचा कोड 'उद्या', 'येत्या सोमवारी' अशा शब्दांवरून तारीख काढून देतो.

सर निरोप टाइप करायचे. आमचा कोड त्यात तारीख घालायचा आणि त्यांचा प्रोग्रॅम पालकांना फोन लावून तो बोलून दाखवायचा. जंगलातल्या गावांत रेंज येते-जाते, म्हणून लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा. निरोप पोचला नाही, तर त्या घरचं मूल बॅग भरून वसतिगृहाच्या दारात बसून राहणार.

घोळ आमचाच होता. मराठीत परवा मागचाही असतो, पुढचाही. जुना कोड सरसकट पुढचा धरायचा. एका दवाखान्यात 'परवापासून ताप' लिहिलं, तर कोडच्या मते ताप अजून यायचा होता! म्हणून नव्या व्हर्जनमध्ये मागचा की पुढचा हे सांगणं सक्तीचं केलं. न सांगितलं तर प्रोग्रॅम थांबतो. कोडशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीला एपीआय म्हणतात. ती बदलून जुने प्रोग्रॅम बंद पडले, की तो ब्रेकिंग चेंज. हे सगळं आम्ही रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या व्हर्जनसोबतच्या माहितीत, लिहिलं होतं. इंग्रजीत.

सरांना 'जुनं व्हर्जन टाका' म्हणता आलं असतं. पण असे आणखी किती सर असतील, कोण जाणे. मी नसीरभाईंना फोन लावला.

"जुनं परत आणायचं."

"ताई, मग त्या तापाचं काय?"

"जुन्या नावाखाली जुनं, नव्या नावाखाली नवं. जुनं वापरलं तर प्रोग्रॅम थांबवायचा नाही, फक्त सूचना."

"मंजूर. पण सूचना मराठीत लिहा. इंग्रजीनं काय दिवे लावले, ते बघितलं आपण."

दुपारपर्यंत दुरुस्ती गेली. थोड्या वेळानं सरांचा फोन. हसू आवरत नव्हतं.

"पहिला फोन लागला, मॅडम, मी ऐकतच होतो. सुट्टीची तारीख सांगून वर मशीन काय बोललं? 'परवा म्हणजे मागचा की पुढचा, स्पष्ट सांगा.'"

प्रोग्रॅमरसाठीची सूचना पाठवायची वाट वेगळी असते. घाईत मी ती उत्तराबरोबरच छापली होती, आणि प्रोग्रॅमनं दिसेल ते वाचून दाखवलं.

"मग पलीकडून?"

"एका पोराची माय मशीनलाच समजावून राहिली. 'पुढचा गं बाई! मागच्या परवा कुठं सुट्टी होती? माझ्या लेकराला सांग, माय येऊन राहिली. जेवू नको म्हणावं, भाकर घेऊन येते.'"

मी विचारलं, "मुलाला सांगितलं?"

"सांगितलं की. तवापासून बॅग पाठीवर घेऊनच फिरून राहिला. रात्री झोपताना तरी काढशील का म्हणलं, तर न्हाई म्हणतो."

मी सूचनेची वाट बदलली. उरलेले फोन नीट गेले. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सर म्हणाले, "वसतिगृह रिकामं झालं, मॅडम. लई सुनं वाटून राहिलं."

जुनं नाव कायमचं काढायचं अजून बाकी आहे. पुण्या-बंगळुरूचे प्रोग्रॅमर तारीख विचारतात. त्यांना सांगते, किनवटच्या शाळेची परीक्षा चालू आहे, थांबा. आमच्या रिलीज नोट्स आता मराठीत असतात, आणि पाठवण्याआधी मी सरांना फोनवर वाचून दाखवते.